लेकीचं पोट का दुखायचं

माझ्या मुलीने पाचवीच्या पहिल्या दिवशी घातलेला गणवेश मीच शिवला होता. माझं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. आजूबाजूच्या चार-पाच गावांतल्या पोरांचे शाळेचे कपडे माझ्याकडे येतात. वाढत्या वयाच्या मुलांच्या कपड्यांत कंबरेला मी दोन बोटं कापड दाबून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येतं. लेकीच्या स्कर्टला तीन बोटं ठेवलं होतं. घरचं गिऱ्हाईक.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात एसटीने जावं लागतं. आमच्या आळीतून त्या वर्षी ती एकटीच मुलगी जाणार होती. बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि तिने आम्हाला हात केला. धानाची रोवणी तोंडावर आली होती, बायकोला शेतावर जायचं होतं, तरी बस वळणापलीकडे जाईपर्यंत ती माझ्याशेजारी उभी होती. माझी आई ओट्यावरून म्हणाली, "मले चौथीतून काढलं होतं. हे पाह्य, बसनं चालली."

त्या मुलीची गोष्ट मी आज दुकानात येणाऱ्या माणसांना सांगत बसतो. बायको आतून म्हणते, "पुरे करा जी, त्याइले ब्लाउज पाहिजे." पण मला सांगावंसं वाटतं. त्यात माझं फारसं कौतुक नाही, म्हणूनही सांगावंसं वाटतं.

पोट दुखायला लागलं ते पोळ्यानंतर. सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "आई, माहं पोट दुखून राहिलं." कुठे विचारलं तर तिने तळहात बोंबीभोवती, म्हणजे बेंबीभोवती, गोल फिरवला. बायकोने ओवा आणि कोमट पाणी दिलं. तासाभराने बरं वाटलं, पण तोवर बस गेली होती. मी तिला मोटारसायकलने सोडून आलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. ताप नाही, उलटी नाही. दुखायचं तेव्हा ती पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि थोड्या वेळाने उठून आपल्या कामाला लागायची.

आम्ही जे सगळे करतात ते केलं. शेजारच्या गावात एक म्हातारी बोंबी बसवून देते, तिच्याकडे नेलं. तिने लेकीला उताणं झोपवून पोटावर दिवा ठेवला आणि त्यावर लोटा उपडा घातला. लोटा कातडीला चिकटला तशी लेक हसायला लागली. दोन दिवस बरी होती. मग सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे जंताची गोळी मिळाली. मग तुमसरला एका डॉक्टरकडे गेलो, त्याने गॅसचं गुलाबी औषध दिलं. त्या औषधाची चव तिला आवडली, एवढाच फायदा झाला.

दिवाळीच्या सुट्टीत दुखणं जवळजवळ थांबलं. ती चुलत भावंडांबरोबर तळ्यावर गेली, पाण्यातून काढलेले ताजे शिंगाडे खाऊन आली, दिवसभर उंडारली. आम्ही म्हटलं, गेलं एकदाचं. शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरू.

त्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक पँट कमी करायला आलं होतं. लेक आत भिंतीला टेकून बसलेली त्याला दिसली. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो हसला. "पोट्टे शाळा चुकवाची असली का पोटाचंच नाव घेतेत. पोट कोणाले दिसते?"

मीही हसलो. खरं म्हणजे ते माझ्याही मनात होतं. सुट्टीत दुखत नाही, शाळा उघडली की दुखतं, याचा दुसरा काय अर्थ होतो, असं मी धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोटावर हात ठेवला तसा मी मशीनवरून न उठताच म्हणालो, "तुह्या पोटाले शाळेचाच टाइम बरोबर समजते."

तिने पोटावरचा हात काढला. बूट घातले, दप्तर घेतलं आणि बससाठी गेली.

दुपारी शाळेतून फोन आला. मुलीचं पोट फार दुखत आहे, घेऊन जा. मी गेलो तेव्हा ती ऑफिसबाहेरच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. चेहरा पांढरा पडला होता. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बाबा, मी नाटक नाही करून राहिलो."

आमच्याकडे बाया-पोरी असंच बोलतात, "मी करतो, मी जातो." पण ते वाक्य ऐकताना मला ती एकदम मोठी वाटली, आणि मी लहान. घरी येईपर्यंत ती माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती. रस्त्यात खड्डा आला की तिची बोटं माझ्या शर्टात घट्ट रुतायची. मी गाडी पायी चालल्यासारखी हळू आणली.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता भंडाऱ्याला न्यायचं. आधी सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पोटात लहान लहान गाठी दिसतात. गाठी हा शब्द वाचला आणि आमच्या घरातलं बोलणंच बंद झालं. माझ्या सासऱ्यांनी आणि वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत नजर, उतारा, अंगारा असलं काही चालत नाही. माझी आई तर शेजारणींना त्यावरून सुनावते. तीच मला सकाळी चुलीपाशी दिसली, मुठीत मीठ-मिरच्या घेऊन. मला पाहून तिने मूठ पदराखाली घेतली.

"काय करून राहिली माय?"

"काही नाही." मग मूठ बाहेर काढून म्हणाली, "भेव वाटला रे."

मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मीही म्हातारीकडे पोटावर लोटा लावायला गेलो होतोच.

भंडाऱ्यात लहान मुलांच्या एक डॉक्टर आहेत असं कळलं. धानाची कापणी चालू होती, बायकोला शेत सोडता येत नव्हतं, म्हणून मी आणि लेक दोघंच गेलो. दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी फाईल पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि लेकीला विचारलं, "तू सांग बेटा. कुठे दुखते?"

तिने तळहात गोल फिरवला.

"एका बोटाने दाखवता येईल?"

तिने विचार करून मान हलवली. "एका जागी नाही. सगळीकडे."

"रात्री दुखण्याने जाग येते का?"

"नाही. झोपलो का झोपलो."

मग त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. शौचातून रक्त जातं का, ताप येतो का, सांधे दुखतात का, लघवीला जळजळ होते का, हिरवी उलटी कधी झाली का. प्रत्येकाला नाही. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "वजन कमी झालं असं वाटतं का? उंची वाढते आहे?"

हे मला बरोबर माहीत होतं. मी म्हणालो, "मॅडम, मी टेलर आहो. जूनमध्ये हिचा स्कर्ट शिवला. दिवाळीत कंबरेला बोटभर कापड सोडावं लागलं आणि लांबीलाही उसवावं लागलं."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "इतकं पक्कं उत्तर मला कोणी देत नाही." त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं. मग सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. "ह्या गाठी बहुतेक मुलांच्या पोटात दिसतात. सर्दी-खोकला झाला तरी थोड्या मोठ्या होतात. ह्याला घाबरायचं कारण नाही." तीन दिवस आमच्या घरावर बसलेलं ते ओझं त्यांनी अर्ध्या मिनिटात उतरवलं.

त्यांनी लेकीला टेबलावर झोपवलं आणि पोट दाबून पाहिलं. डाव्या बाजूला खाली त्यांचा हात थांबला. पुन्हा दाबलं. "संडासला रोज होते का?"

लेक छताकडे पाहू लागली.

"दोन दिवसांनी? चार दिवसांनी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं. "बाबा, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?"

मी बाहेर येऊन बसलो. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. दार उघडेपर्यंत मी काय काय विचार केला ते आता लिहीत नाही. आत बोलावलं तेव्हा लेकीचे डोळे ओले होते, पण ती सरळ बसली होती.

"तिने मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगायला ती हो म्हणाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मीच सांगू का तू सांगतेस?"

"मी सांगतो," लेक म्हणाली. पण ती माझ्याकडे न पाहता टेबलावरच्या वजनकाट्याकडे पाहत बोलली.

शाळेत मुलींचं संडास होतं, पण त्याच्या दाराला कडी नव्हती. पहिल्याच महिन्यात ती आत असताना बाहेरून कोणीतरी दार ढकललं. मोठ्या वर्गातली पोरं होती. हसत पळाली. त्या दिवसापासून ती शाळेत एकदाही गेली नव्हती. जावं लागू नये म्हणून ती पाणी पीत नव्हती. आई भरून देते ती बाटली संध्याकाळी बसमधून उतरल्यावर निंबाच्या झाडाखाली ओतून टाकायची, म्हणजे घरी कोणी विचारणार नाही. सकाळी साडेनऊची बस. आमच्या घरी चौघांत एक संडास. घाईत तिचा नंबर राहून जायचा, मग दिवसभर दाबून धरायची, मग दुसऱ्या दिवशी होत नसे. चार-चार, पाच-पाच दिवस असेच.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की दप्तर फेकून ती आधी मागे पळायची. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. माझी आई म्हणायची, "आली पळणारी गाडी."

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत लिहितो. मळ साचून राहिला की मोठं आतडं ताणलं जातं. ताणलं गेलं की भरल्याचं त्याला नीट कळत नाही, आणि मळ अजून कडक होतो. आतड्याच्या नसा नाजूक होतात, थोड्याशा गॅसनेही कळ येते. त्यात मनाला घोर असला की कळ दुप्पट वाटते, कारण पोट आणि डोकं एकाच तारेने जोडलेले आहेत.

"मला वाटलं शाळेचा कंटाळा आहे," मी म्हणालो. "सुट्टीत दुखत नव्हतं म्हणून."

"सुट्टीत दुखत नव्हतं म्हणजे शाळेत काहीतरी होतं," त्या म्हणाल्या. "काय आहे ते विचारलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

"सगळ्या पोटदुख्या अशाच असतात असं नाही. काही मुलांत काहीच सापडत नाही, संडासही साफ असते, तरी दुखते. पण काही सापडलं नाही म्हणजे दुखत नाही असं नसते. हिचं दुखणं खरं होतं, पहिल्या दिवसापासून."

हे त्या माझ्याकडे पाहून बोलल्या, पण लेकीने ते ऐकलं. तिने मान वर केली. आजवर दिलेल्या कुठल्याच औषधाने तिचा चेहरा तसा झाला नव्हता.

त्यांनी पाण्यात विरघळवून घ्यायची एक पावडर दिली, रोज रात्री. सकाळी खाल्ल्यावर दहा मिनिटं संडासात बसायचं, होवो न होवो. पाणी, भाज्या, फळं. शाळा बुडवायची नाही. "आणि तुम्ही लोकांनी सकाळी उठल्याउठल्या 'दुखते का, दुखते का' विचारायचं नाही. दुखलं तर ती सांगेल." शेवटी म्हणाल्या, "पण कडी नसेल तर माझी पावडर काय करणार?"

परतीच्या बसमध्ये मी लेकीला म्हणालो, "उद्याच हेडमास्तरले भेटतो."

तिने खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "बाबा, तुमी नका बोलू जी. मी बोलतो."

"तू बोलशीन?"

"आपलं तोंड हाये ना."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलते आहे. घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग निंबाखाली ओतलेल्या पाण्याचं आठवून रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने घरचा नियम बदलला. साडेसात ते पावणेआठ संडास फक्त लेकीचं. माझी आई त्या वेळात दाराबाहेर खाट टाकून बसायची आणि माझ्यावरही ओरडायची.

पालकसभा पुढच्या शनिवारी होती. मी दुकान बंद ठेवून गेलो. वर्गात तीस-पस्तीस पालक असतील, बहुतेक बाप, आणि मागे सहा-सात आया. पाचवीच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, त्यात माझी लेक दुसऱ्या रांगेत होती. गीत संपल्यावर मुली कडेला सतरंजीवर बसल्या. हेडमास्तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेबद्दल बोलले, आधार कार्डाबद्दल बोलले, मुलांची नखं कापून पाठवा म्हणाले. मग विचारलं, "कोणाला काही सांगायचं आहे?"

एक जण खिचडीबद्दल बोलला. दुसरा बसच्या वेळेबद्दल. हेडमास्तर कागद गोळा करायला लागले. मी लेकीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. मला वाटलं, राहू दे, मीच उठतो. मी बाकाला हात लावला तेवढ्यात ती उभी राहिली.

"सर, मुलीइच्या संडासले कडी नाही."

आवाज बारीक होता, पण वर्ग शांत होता. सगळ्यांनी ऐकलं.

"पाणीबी नाही. म्हणून आमी जात नाही. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. मग संडास होत नाही आणि पोट दुखते. मी भंडाऱ्याच्या डॉक्टरले दाखवलं. त्याइनंच सांगितलं."

माझ्या पुढच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं. तिने त्या दिशेने पाहिलं आणि बसली नाही, तशीच उभी राहिली. हाताची बोटं स्कर्टच्या घडीत होती. ती घडी मीच इस्त्री करून दिली होती. मला त्या क्षणी तिच्याकडे जाऊन उभं राहावंसं वाटत होतं आणि जाऊही नये असं वाटत होतं. मी गेलो नाही.

हेडमास्तर म्हणाले, "कडी नाही? मला कोणी सांगितलं नाही."

पाचवीच्या वर्गशिक्षिका खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं सर. जूनमध्ये."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो माणूस चिडला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याच वेळी मागच्या रांगेतली एक आई बोलली. "माही पोरगीबी पाणी पीत नाही जी. बाटली भरलीच्या भरली वापस येते. मी रोज शिव्या देतो तिले."

मग दुसरी बोलली. मग तिसरी. एकीच्या मुलीला लघवीच्या जळजळीचं औषध दोनदा आणलं होतं. कोणी मोठ्याने बोललं नाही, पण वर्गाचा रंगच पालटला. ज्याला हसू आलं होतं त्याचीही मुलगी सहावीत होती, हे मला नंतर कळलं. तो खाली मान घालून बसला होता.

हेडमास्तर उठले. "चला, पाहू," म्हणाले आणि पुढे निघाले. आम्ही सगळे मागे. संडासाची दोन दारं होती. एकाला कुलूप होतं, ते शिक्षकांसाठी. दुसऱ्याला कडी नव्हती, कडीच्या जागी चार भोकं होती. नळ कोरडा. बोरिंगवरून बादली आणावी लागे. मी आत डोकावलो. माझी दहा वर्षांची मुलगी रोज हे दार पाहून परत फिरत होती आणि मी तिचं दुखणं नाटक समजत होतो.

कुलपाची किल्ली हेडमास्तरांनी तिथल्या तिथे वर्गशिक्षिकांच्या हातात दिली. "आजपासून हे मुलींचं." कडी त्याच दुपारी बसली. एका पालकाचं बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं, त्याने कडी आणली, मी स्क्रू पिळले. नळाला पाणी यायला मात्र आणखी दीड महिना गेला. तोवर आया पाळीपाळीने येऊन ड्रम भरून जात. बायकोही दोनदा जाऊन आली.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये लेकीला माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोप लागली. समोरच्या सीटवर सभेतलाच एक म्हातारा बसला होता. त्याने विचारलं, "तुमचीच का ते बोलणारी?"

"हो," मी म्हणालो. आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला इतक्या जोरात हो म्हणाल्याचं मला आठवत नाही. बसमधली चार माणसं वळून पाहायला लागली.

तीन आठवड्यांत दुखणं पुष्कळ कमी झालं. चेहऱ्यावर तजेला आला. मग मी एक मूर्खपणा केला. बरी झाली आहे, आता औषध कशाला, सवय लागेल, असं मनाशी ठरवून पावडर बंद केली. बायको म्हणाली विचारून घ्या, मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी सकाळी लेक दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, आज दुखून राहिलं. कालबी संडास झाली नाही, परवाबी नाही." आधी जे लपवायची ते आता ती वार-तारखेसह सांगत होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण मला समोर बसवून त्यांनी विचारलं, "तुमच्या दुकानात ताणून ढिलं झालेलं इलास्टिक एका दिवसात घट्ट होते का?"

"होत नाही," मी म्हणालो. "बदलावं लागते."

"आतडं बदलता येत नाही. म्हणून त्याला महिने द्यायचे. मी सांगेन तेव्हा थांबायचं."

मग मी मधेच औषध थांबवलं नाही. पावडर चालू राहिली. घरात भाज्यांचं खाणं वाढलं. माझ्या आईने अंगणात माठ आणि आंबाडी लावली. थंडीत जाम आले तसे आम्ही ते आणायला लागलो, पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. पोट अधूनमधून दुखायचं. परीक्षेच्या आठवड्यात दोनदा दुखलं. गणिताच्या पेपरच्या दिवशी तर ती पलंगावर आडवी झाली. मी घाबरलो, पण काही विचारलं नाही. तिने पोटावर हात ठेवून हळूहळू श्वास घेतला, डॉक्टरीणबाईंनी शिकवला होता तसा. दहा मिनिटांनी उठली. "घोर लागला होता. थोडं हाये अजून, पण जातो," म्हणाली आणि गेली. पेपर तिने पूर्ण सोडवला. मार्क किती पडले ते मी इथे सांगणार नाही, कारण त्याचा मला फार आनंद झाला होता असं नाही. ती उठून गेली, याचा झाला होता.

उन्हाळ्यात आम्ही शेवटचं भंडाऱ्याला गेलो. या वेळी बायकोही होती. डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं, वजन केलं, आणि पावडर हळूहळू कशी कमी करायची ते लेकीलाच सांगितलं. तिने ते एकदा ऐकून परत म्हणून दाखवलं, एक दिवस आड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद.

"बाहेर एक लहान मुलगी बसली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सानगडीहून आले आहेत ते. दुसऱ्यांदा आले. तिला मी खूप समजावलं, पण ती पावडर प्यायला तयार नाही. तू थोडं बोलशील का तिच्याशी?"

आम्ही बाहेर आलो. कोपऱ्यातल्या बाकावर सहा-सात वर्षांची मुलगी आईला चिकटून बसली होती. माझी लेक तिच्यासमोर उकिडवी बसली. बायको आणि मी चार पावलं मागे थांबलो.

"तुहं पोट कुठं दुखते?"

त्या मुलीने बोंबीभोवती हात फिरवला.

"माहंबी तिथंच दुखत होतं. ते पावडर पाण्यात टाकून पेजो. चव कायचीच लागत नाही. पहिल्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीबी होत नाही. मग होते. आणि संडासात कोणी दार लोटते का तुह्या शाळेत?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली.

"मग घाण असते?"

मुलीने हो म्हणून मान हलवली.

माझ्या लेकीने तिच्या आईकडे पाहिलं. "काकू, तुमी शाळेत जाऊन एकदा पाहा जी. आणि हिनं सांगितलं तर खोटं नका मानू."

त्या बाईने मुलीला जवळ ओढलं. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "भाऊ, कितवीत हाये जी तुमची मुलगी?"

"पाचवी झाली," मी म्हणालो. "आता सहावीत जाते." एवढ्यावर थांबायचं होतं, पण मला राहवलं नाही. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, गिऱ्हाइकाबरोबर हसलो होतो ते धरून. बायकोने एकदा माझी बाही ओढली, मग सोडून दिली आणि तीही बसली.